शेक संपल्यानंतरचा घास

(जयपूर येथील मराठी मंडळींसाठी वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



तोंडाचा, जिभेचा किंवा घशाचा कर्करोग झालेला माणूस शस्त्रक्रिया, शेक (किरणोपचार), केमो या सगळ्यातून पार पडतो. घरी येतो. घरातली माणसं त्याच्यासाठी आवडीचं करून वाढतात आणि तो ताट बाजूला सारतो. रोग आटोक्यात आलेला असतो, पण घास खाली उतरत नाही. आजचं माझं बोलणं या घासाबद्दल आहे. मी दाताचा डॉक्टर. कर्करोग बरा करणारे डॉक्टर वेगळे. पण त्यांच्याकडे जाण्याआधी आणि तिथून परतल्यावर या माणसांचं तोंड मी पाहतो.

आपण ज्या शहरात राहतो त्या शहरानं, माणसाच्या रोजच्या जगण्याला जुळेल असा उपाय करण्याच्या बाबतीत, एक मोठी गोष्ट करून दाखवली आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी मिळून जयपूर फूट घडवला. तेव्हा मिळणारे विलायती कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी केलेले होते. मांडी घालून जेवायला बसणारा, उकिडवा बसणारा, अनवाणी शेतात जाणारा शेतकरी ते पाय कोपऱ्यात टाकून देई. सेठी आणि शर्मा यांनी रबराचा असा पाय केला की तो माणूस पुन्हा आपल्यासारखा बसू-उठू लागला. सेठींना १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ साली डी. आर. मेहता यांनी काढलेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती आजही हे पाय विनामूल्य बसवते.

तोंडाच्या बाबतीत असं काही अजून झालेलं नाही. रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदावर सूप, पुडिंग, मॅश केलेला बटाटा असं लिहिलेलं असतं. घरी मात्र भाकरी, आमटी आणि ठेचा असतो, शेजारी दाल-बाटी आणि लसणाची चटणी असते. त्या कागदाचं आपल्या स्वयंपाकघरात काय करायचं, हे कोणी सांगत नाही. रोग्याच्या तोंडाची काळजी त्याच्या घरच्या खाण्यातच बसवावी लागते, एवढंच माझं आज सांगणं आहे.

आधी त्रास कसा होतो ते पाहू. शेक, म्हणजे इथले लोक ज्याला सिकाई म्हणतात, तो बहुतेकांना आठवड्यातले पाच दिवस असा सहा-साडेसहा आठवडे चालतो. पहिले दहा-बारा दिवस विशेष काही जाणवत नाही आणि माणूस गाफील राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंडाचं आतलं अस्तर लाल होतं, मग सोलवटतं, पांढरे चट्टे आणि फोड येतात. सर्वात वाईट काळ शेवटच्या आठवड्यांचा आणि शेक संपल्यानंतरच्या आठवडा-दोन आठवड्यांचा. हे आधी सांगितलेलं नसेल तर घरचे हवालदिल होतात, ‘उपचार संपले तरी वाढतंच आहे’ म्हणतात. बहुतेकांचं तोंड त्यानंतर दोन ते सहा आठवड्यांत भरून येतं.

या काळात तोंड सांभाळणं हा उपचाराचाच भाग आहे, त्याला लाड समजू नये. तोंड दुखतं म्हणून माणूस शेकाला जायचं टाळतो, खाडे पडतात, आणि खाडे पडले की रोग बरा होण्याची शक्यता घटते. शिवाय शेक देताना डोकं हलू नये म्हणून चेहऱ्याच्या मापाचा प्लास्टिकचा मुखवटा करतात. खाणं सुटून वजन उतरलं की तो सैल होतो, पुन्हा माप घ्यावं लागतं. म्हणून वजन दर आठवड्याला करावं.

जोहरी बाजारात गलाईचं काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे येत. मूळचे विट्याकडचे. खानापूर-आटपाडीची गलाई मंडळी सोनं-चांदी वितळवायच्या कामानं देशभर पसरली आहेत, तशी इथेही आहेत. भट्टीसमोर दिवसभर बसायचं आणि गालात गुटखा. त्यांचं तोंड कर्करोगाच्या आधीच आखडलेलं होतं. सुपारीनं गालाच्या आत जे तंतू धरतात, त्यानं. शेकाच्या चौथ्या आठवड्यात त्यांच्या पत्नी डबा घेऊन आल्या. आसट भात आणि आमटी. म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, एवढं मऊ करते, तरी दोन घासांवर उठतात. माझ्या हाताला चव राहिली नाही म्हणतात.” भात खरोखर मऊ होता. आमटीत चिंच होती, फोडणीला मिरची होती आणि डबा गरम होता. सोललेल्या तोंडाला आंबट, तिखट आणि गरम ही तिन्ही आगीसारखी लागतात. चव जाते ती शेकामुळे. जिभेवरच्या चवीच्या पेशी मंदावतात, सगळं मातीसारखं नाहीतर कडू लागतं. बहुतेकांची चव काही महिन्यांत हळूहळू परतते, काहींना वर्ष लागतं. स्वयंपाक करणारीनं हे मनाला लावून घेऊ नये.

त्या बाईंना मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. खिमट करावं, त्यात घरचं तूप सढळ हातानं घालावं आणि कोमट झाल्यावर द्यावं. मुगाचं वरण गाळून घ्यावं. नाचणीचं सत्त्व दुधात शिजवावं, त्यात दुधाची पावडर मिसळली की तेवढ्याच वाटीत ताकद वाढते. रव्याची पातळ खीर, दुधात कुस्करलेलं केळं, मिक्सरमधून काढलेलं पनीर, खात असतील तर मऊ अंडं. राजस्थानी शेजारीण प्रेमानं राब आणून देईल. ती बाजरीच्या पिठाची, ताकात केलेली असते, झोंबते. तेच बाजरीचं पीठ बारीक चाळून दुधात शिजवलं तर चालतं. बाजरीची भाकरी दुधात कितीही कुस्करली तरी तिचा कोंडा टोचतो, ती तोंड भरून येईपर्यंत थांबावी. तीन वेळा ताट वाढण्याऐवजी दर दोन तासांनी एक वाटी द्यावी. मधुमेह असेल तर हे सारं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

तोंड धुण्याची कृती सोपी आहे. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात एक सपाट चमचा मीठ आणि एक सपाट चमचा खायचा सोडा. खाण्याआधी, खाल्ल्यानंतर आणि एरवीही दर दोन-तीन तासांनी खळखळून थुंकावं. पाणी रोज नवं करावं. बाजारातल्या अल्कोहोलच्या माउथवॉशनं आग होते. तुरटी तोंड आणखी कोरडं करते, लवंगेचं तेल भाजतं. ब्रश अगदी मऊ घ्यावा, कोमट पाण्यात बुडवून आणखी मऊ करावा. पण दात घासणं सोडू नये. कवळी असेल तर ती काढून ठेवावी.

दुखणं सोसण्यात मोठेपणा नाही. जेवणाआधी तोंड बधिर करणारं औषध मिळतं, आणि त्यानं भागलं नाही तर मॉर्फिन आहे. मॉर्फिनचं नाव काढलं की आपल्याकडे घाबरतात, ‘शेवटचं औषध’ समजतात. ते वेदनेचं औषध आहे, वेदना कमी झाली की डॉक्टर ते उतरवत नेतात. कायद्याच्या अडचणी होत्या, त्या २०१४च्या दुरुस्तीनं बऱ्याच सैल झाल्या आहेत. ज्यांना नळीतून अन्न द्यावं लागतं, त्यांनीही डॉक्टर परवानगी देतील तोवर पाण्याचे घोट गिळत राहावे. गिळण्याचे स्नायू वापरले नाहीत तर नळी निघाल्यावर गिळणं जमत नाही. मात्र पाणी पिताना ठसका लागून ताप येत असेल, किंवा जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं.

आता लाळ. निरोगी माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. शेकानं लाळेच्या ग्रंथी सुकतात. आयएमआरटीसारख्या शेक देण्याच्या पद्धतीत कानाजवळची ग्रंथी बरीच वाचवता येते, तेव्हा उपचार ठरताना हा प्रश्न जरूर विचारावा. जयपूरचा मे महिना कोरड्या तोंडाच्या माणसाला फार जड जातो. लू वाहते, हवेत ओल नसते. एसीनं हवा आणखी सुकते, त्यापेक्षा आपला पाण्याचा कूलर बरा, फक्त त्यातलं पाणी बदलत राहावं. उशाशी माठाचं पाणी ठेवावं, घोट घोट घ्यावं. साखरेच्या गोळ्या चघळू नयेत. लाळ नसलेल्या तोंडात दात हिरड्यांच्या कडेनं काही महिन्यांत किडतात. म्हणून आम्ही फ्लोराइडची जेल रोज लावायला सांगतो. इथे लोक ती परत करतात, कारण राजस्थानात अनेक ठिकाणी बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं माणसं वाकलेली त्यांनी पाहिली आहेत. ती भीती खरी आहे, पण पोटात जाणारं फ्लोराइड वेगळं आणि दातावर लावून थुंकून टाकायची जेल वेगळी.

जबडा हा सर्वात दुर्लक्षित विषय. शेकानंतर स्नायू आखडतात आणि हे महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं चालू राहतं. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात मावतात का, हे रोज पाहावं. ३५ मिलिमीटरपेक्षा कमी उघडलं तर जबडा आखडला असं धरतात. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून पुढच्या दातांमध्ये धरायच्या, अर्धा मिनिट तसंच राहायचं, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि डॉक्टर सांगतील तशी एकेक काडी वाढवायची. त्या गलाईवाल्या गृहस्थांनी काड्यांची ती चळत रबर लावून सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. शेजारच्या नगिनेवाल्याकडे खडे मोजायचा गेज असतो, त्यावर ते दर शनिवारी चळत मोजून आणत आणि सोन्याच्या वजनाच्या वहीत मागच्या पानावर आकडा लिहीत. सुरुवातीला २० होता. काही महिन्यांनी ३१ झाला. पस्तीस गाठले नाहीत, पण चमच्यानं खाता येऊ लागलं आणि मला दातांपर्यंत पोचता येऊ लागलं. गुटखा त्यांनी सोडला. तो चालू ठेवला असता तर यातलं काहीच उपयोगी पडलं नसतं. राजस्थान आणि महाराष्ट्र दोन्हीकडे गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पानमसाला आणि तंबाखू अशा दोन पुड्या शेजारी शेजारी लटकतात आणि लोक हातावर एकत्र करतात.

आणखी एक गोष्ट. हा माणूस पंगतीला बसायचं टाळू लागतो. घास ओठातून सांडतो, जेवायला तासभर लागतो, बोललेलं कळत नाही. त्याला लग्नाचं आमंत्रण द्या, आणि त्याच्यासाठी वाटीभर पातळ खीर बाजूला काढून ठेवा. तो बोलताना वाक्य पुरं होऊ द्या.

२०२२ साली भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे १ लाख ४० हजारांहून अधिक नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. आपल्या पुरुषांमधला हा पहिल्या क्रमांकाचा कर्करोग आहे. म्हणजे या सभागृहातल्या प्रत्येकाच्या ओळखीत कधी ना कधी असा माणूस निघणार. त्यातल्या ज्यांचा शेक अजून सुरू व्हायचा आहे, त्यांच्यासाठी हे शेवटचं सांगणं. किडलेले, हलणारे दात शेकाच्या आधी काढावे लागतात आणि जखम भरायला निदान दोन आठवडे लागतात. शेक झालेल्या जबड्याच्या हाडाला रक्त कमी पोचतं. नंतर दात काढला तर ती जखम भरेलच असं नाही, हाड कुजू शकतं, आणि हा धोका आयुष्यभर राहतो. तेव्हा महावीर कॅन्सर हॉस्पिटलात असो, सवाई मानसिंहला असो की मुंबईला टाटामध्ये, शेकाची तारीख मिळाली की त्याच दिवशी दाताच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि जाताना पूर्ण फाइल बरोबर न्या. शेक होऊन गेला असेल तर पुढे कोणत्याही दवाखान्यात दात काढायच्या खुर्चीवर बसण्याआधी, शेक कुठे आणि कधी घेतला ते डॉक्टरांना आपणहून सांगा.