जालन्याचं घड्याळ मुंबईच्या पुढे धावतं

मागच्या भागानंतर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, टाइम ट्रॅव्हल खरंच शक्य आहे का? उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी शेवटपर्यंत ताटकळायला नको. पुढे जाता येतं. हे प्रयोगांनी सिद्ध झालंय आणि तुमच्या खिशातला फोन रोज त्याचा हिशोब वापरतो. मागे जाण्याचं प्रकरण वेगळं आहे, त्यावर जरा निवांत बोलू.

सुरुवात जालन्यापासूनच करू. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर आहे. मुंबई समुद्राला टेकलेली. आइन्स्टाइनने १९१५ साली मांडलेला व्यापक सापेक्षता सिद्धांत सांगतो की पृथ्वीच्या जितकं जवळ, तितका काळ हळू चालतो. मी कागदावर गणित करून बघितलं. जालन्यातलं घड्याळ मुंबईतल्या घड्याळापेक्षा दिवसाला जवळपास ५ नॅनोसेकंद पुढे जातं. वर्षाला पावणेदोन मायक्रोसेकंद. सत्तर वर्षं जालन्यात काढलेला माणूस मुंबईत सत्तर वर्षं काढलेल्यापेक्षा साधारण १२० मायक्रोसेकंद जास्त जगलेला असतो. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो, त्याचा हजारावा भाग. मुंबईचं आयुष्य फास्ट म्हणतात ना? भौतिकशास्त्राचं मत उलटं आहे.

वेगाचाही परिणाम होतो. जो पळतो त्याचा काळ हळू जातो, हे आइन्स्टाइनने १९०५ सालीच सांगितलं होतं. पण जालन्याहून वंदे भारतने मुंबईला गेलात तर वेगामुळे वाचलेला वेळ एका नॅनोसेकंदाच्या दहाव्या भागाइतकाही भरत नाही. तिकिटाच्या पैशात एवढंच मिळतं.

आता फोनकडे या. जीपीएसचे उपग्रह साधारण २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरतात. उंचीमुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. वजाबाकी केली की ३८ मायक्रोसेकंद पुढे. ही तफावत दुरुस्त केली नाही, तर प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या सिग्नलवरून अंतर मोजताना एका दिवसात ११ किलोमीटरची चूक साठते. पाच-सहा दिवसांत चूक जालना ते छत्रपती संभाजीनगर एवढी. म्हणून उपग्रहांची घड्याळं वर पाठवण्याआधीच किंचित हळू लावलेली असतात. आपल्या इस्रोच्या नाविक यंत्रणेलाही हेच गणित करावं लागतं. गूगल मॅपने तुम्हाला मोंढ्याच्या योग्य गल्लीत नेऊन सोडलं, तर त्यात आइन्स्टाइनचा वाटा आहे.

माणसांचं उदाहरण हवं असेल तर शुभांशु शुक्ला घ्या. जून-जुलै २०२५ मध्ये ते अंतराळात वीस दिवस होते. परतले तेव्हा तुमच्या-माझ्यापेक्षा साधारण अर्ध्या मिलीसेकंदाने तरुण होते. म्हणजे ते अर्धा मिलीसेकंद भविष्यात उतरले. हसू येईल, पण हा खराखुरा काळप्रवास आहे, फक्त तिकीट महाग आणि अंतर कमी.

मोठा परिणाम बघायचा तर म्युऑन बघा. वातावरणात १० ते १५ किलोमीटर उंचीवर तयार होणारे हे कण सरासरी २.२ मायक्रोसेकंद टिकतात. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही साडेसहाशे मीटरच काटता येतात. तरी ते जमिनीपर्यंत पोचतात, कारण आपल्या दृष्टीने त्यांचा काळ मंदावलेला असतो. तुमच्या तळहातातून आत्ता सेकंदाला साधारण एक म्युऑन जातोय.

इथे कुणीतरी म्हणणारच, सर, हे आपल्या पुराणात आधीच होतं. राजा ककुद्मी आणि रेवतीची गोष्ट, भागवतात आहे. वडील मुलीला घेऊन ब्रह्मलोकात जातात, थोडा वेळ थांबतात, परत येईपर्यंत पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटलेली असतात. गोष्ट मला फार आवडते. सगळीकडे काळ सारखा चालत नसेल, ही कल्पना कुणाला तरी सुचली याचं कौतुकच आहे. पण त्या गोष्टीवरून उपग्रहाचं घड्याळ लावता येत नाही. ३८ मायक्रोसेकंद हा आकडा त्यातून निघत नाही. गोष्टीला गोष्टीचा मान द्यावा, तिच्या गळ्यात प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र कशाला अडकवायचं?

हे मी एवढं ठासून का बोलतोय, सांगतो. एका श्रोत्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला. परतूर तालुक्यातली आहे, नाव सांगत नाही. तिचे वडील गेले, त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवशी सकाळी ती त्यांच्याशी भांडून कॉलेजला गेली होती. कुठल्याशा रीलमध्ये तिने पाहिलं की ‘क्वांटम’ पद्धतीने भूतकाळात जाऊन घटना दुरुस्त करता येते, ऑनलाइन शिबिर आहे, फी साडेसात हजार. तिने विचारलं, ‘दादा, भरू का पैसे?’

ताई, भरू नकोस. क्वांटम सिद्धांत इलेक्ट्रॉन, अणू, प्रकाशकण यांच्याबद्दल बोलतो. झालेली सकाळ पुन्हा घडवून आणणारं एकही समीकरण त्यात नाही. तुझं दुःख खरं आहे, शिबिर खोटं आहे. वडिलांबद्दल बोलावंसं वाटत असेल तर आईशी बोल, मावशीशी बोल, त्याला फी लागत नाही.

पण भौतिकशास्त्राला मागे जाण्याबद्दल खरंच काहीच म्हणायचं नाही का? आहे, भरपूर आहे. १९४९ साली कर्ट गोडेल या गणितज्ञाने आइन्स्टाइनच्या समीकरणांचं एक उत्तर काढून दाखवलं. त्यातलं विश्व सबंध गरगर फिरतं आणि त्यात प्रवास करत करत माणूस स्वतःच्या भूतकाळात पोचू शकतो. अडचण एवढीच की आपलं विश्व तसं फिरताना दिसत नाही. १९८८ मध्ये किप थॉर्न आणि सहकाऱ्यांनी कृमिविवराचा, म्हणजे वर्महोलचा, काळयंत्र म्हणून विचार केला. ते विवर उघडं ठेवायला ऋण ऊर्जा लागते. तशी ऊर्जा अगदी सूक्ष्म प्रमाणात दिसते, माणूस जाईल एवढं दार टेकवून धरायला कुठून आणणार? पुढे स्टीफन हॉकिंगने असं अनुमान मांडलं की निसर्गाचे नियमच काळयंत्र बनू देत नसावेत. त्याने २८ जून २००९ ला पार्टी ठेवली आणि आवतण पार्टी झाल्यावर जाहीर केलं. भविष्यातून कुणीही आलं नाही.

मागे जाण्यातली खरी गोची कळायला आपल्याच जिल्ह्यातल्या असईला चला. २३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला वेलस्ली, जो पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. केळणा नदी आडवी. वाटाड्यांनी सांगितलं, इथे उतार नाही. वेलस्लीने पाहिलं की दोन्ही काठांवर समोरासमोर गावं आहेत, म्हणजे लोक ये-जा करतच असणार. उतार सापडला, सैन्य पार झालं, लढाई मराठ्यांच्या हातून गेली. आता समजा, तुम्ही काळयंत्रात बसून आदल्या रात्री शिंद्यांच्या छावणीत गेलात आणि सांगितलं, तो उतार राखा. त्यांनी राखला. वेलस्ली हरला. मग इतिहासाच्या पुस्तकात मराठे जिंकल्याचं असेल, तुम्हाला हळहळ वाटणार नाही, तुम्ही यंत्रात बसणार नाही, उतार कुणी राखणार नाही. मग वेलस्ली जिंकेल. मग तुम्ही पुन्हा निघाल. गोल गोल. रशियन शास्त्रज्ञ नोविकोवचं म्हणणं, घडलेलं बदलेल असं काही तुमच्या हातून होणारच नाही. तुम्ही गेलात तरी इतिहासात जे आहे तेच घडेल, कदाचित तुमच्यामुळेच.

जयंत नारळीकरांनी यातून सुंदर पळवाट काढली होती. अकरावीला ‘हॉर्नबिल’ पुस्तकात ज्यांनी ‘द ॲडव्हेंचर’ वाचली त्यांना प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे आठवतील. मूळ मराठी कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. गंगाधरपंत मागे जाऊन काही बदलत नाहीत. ते अशा एका जगात पोचतात जिथे मराठे पानिपत जिंकलेत. लेखक स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, त्यामुळे विरोधाभासात पाय अडकू दिला नाही! याच नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती. आद्याक्षरं उलटी वाचा. पहिलं बक्षीस मिळालं.

पण मला सांगायचंय ते त्यांचं कमी माहीत असलेलं काम. विहिरीत दगड टाकला की लाटा बाहेर पसरतात. व्हिडिओ उलटा लावला तर लाटा काठाकडून आत येतात आणि दगड वर उडतो. विद्युतचुंबकीय लाटांची मॅक्सवेलची समीकरणं दोन्ही व्हिडिओ मान्य करतात. म्हणजे कागदावर, उद्या पाठवलेला मेसेज आज तुमच्या फोनवर यायला हरकत नाही. येत का नाही? व्हीलर आणि फाइनमन यांनी १९४५ मध्ये सुचवलं की विश्वातले सगळे पदार्थ मिळून असा प्रतिसाद देतात की मागे जाणारा भाग कटून जातो. १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल आणि विशी-पंचविशीतले नारळीकर यांनी हे विश्वाच्या प्रसरणाशी जोडलं. त्यांच्या गणितात हा हिशोब स्थिर स्थिती विश्वात जुळत होता, कायम पसरणाऱ्या महास्फोटाच्या विश्वात जुळत नव्हता. १९६५ मध्ये विश्वात सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञ महास्फोटाकडे गेले. नारळीकर २० मे २०२५ ला वारले. शेवटपर्यंत ते त्या बहुतेकांमध्ये नव्हते. मला स्वतःला महास्फोटाचा पुरावा पटतो. पण ‘उद्याचा मेसेज आज का येत नाही’ या पोरकट वाटणाऱ्या प्रश्नाचं उत्तर सबंध विश्वाच्या पसरण्यात शोधायचं, ही हिंमत मला जबरदस्त वाटते.

भूतकाळ नुसता बघायचा असेल, तर यंत्र लागत नाही. नोव्हेंबर-डिसेंबरात अमावास्येच्या आसपास रात्री आठ-नऊला शहराचे दिवे सोडून जाफराबादकडच्या एखाद्या शेतात उभे राहा. फोन खिशात टाका, डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ द्या. डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, तो महाश्व. त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातून ताऱ्यांची ओळ ययातीच्या बाजूला जाते. त्या ओळीतल्या दुसऱ्या ठळक ताऱ्यापासून शर्मिष्ठेच्या दिशेला किंचित सरकलात की एक पुसट, धुरकट ठिपका सापडेल. ती देवयानी दीर्घिका. तुमच्या डोळ्यात शिरणारा तिचा प्रकाश निघाला तेव्हा इथून जवळचं लोणारचं विवरही तयार झालेलं नव्हतं. पंचवीस लाख वर्षं झाली त्याला.