परसातील कोंबड्या आणि शेजारधर्म

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या चिटणीसांनी मला भाषणाचा विषय विचारला तेव्हा मी 'कोंबड्या' असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्पच राहिले. संमेलनात शिक्षण, वधूवर-मेळावा, विद्यार्थ्यांना साहाय्य असे विषय यावेत, ही त्यांची अपेक्षा रास्तच होती. परंतु आयुष्यभर मुलांना धडे देणाऱ्या या मास्तराने स्वतः जो धडा घेतला, तो शाळेत नव्हे, परसातल्या खुराड्यापाशी घेतला. तो आपल्याला सांगितल्यावाचून या व्यासपीठावरून दुसरे काही सांगण्याचा अधिकार मला पोहोचत नाही. मी वक्ता नव्हे. तेव्हा जे घडले ते सरळ सांगतो.

आपल्यापैकी निम्मी मंडळी आता मुंबई-ठाण्यास स्थायिक झाली आहेत. गणपती-गौरी आटोपल्यावर गावच्या घरी वड्यांबरोबर जी सागोती आपण आवडीने जेवता, तिच्यामागे वाडीतल्या बायांचे वर्षभराचे किती राखणे असते, हे शहरात वाढलेल्या मुलांना ठाऊक नसते. आमच्या वाडीत घरटी आठ-दहा कोंबड्या. रात्री खुराडे, दिवसा सारे परस मोकळे. गडग्याच्या अलीकडची कोंबडी पलीकडच्या उकिरड्यावर चरायची आणि पलीकडची आमच्या अंगणात सांडलेले भात टिपायची. कोंबडीला सातबारा समजत नाही. म्हणून प्रत्येक घरची कोंबडी ओळखू यावी यासाठी तिच्या पायाला चिंधी बांधण्याची आमच्याकडे रीत आहे. आमची चिंधी तांबडी, शेजारच्या काकींची हिरवी. घार पिल्लू उचलू लागली की ज्याच्या दृष्टीस पडेल त्याने ओरडायचे. पिल्लू कोणाच्या चिंधीचे, हे त्या वेळी कोणी पाहत नाही.

या व्यवसायातील देवाणघेवाण मोठी मौजेची आहे. एखादीची कोंबडी खुडूक बसते. पण तिच्याजवळ अंडी नसतात. दुसरीजवळ चांगली अंडी असतात. पण तिची कोंबडी बसायला तयार नसते. मग अंडी एका घरची, ऊब दुसऱ्या घरची आणि पिल्ले वाटून घ्यायची, असा करार चुलीपाशी बसून होतो. त्याला कागद लागत नाही की साक्षीदार लागत नाही. टोपलीत गवत घालून दहा-बारा अंडी रवणीला ठेवायची आणि एकवीस दिवस मोजायचे. सातव्या-आठव्या दिवशी रात्रीच्या अंधारात अंडे दिव्यापुढे धरले की आत तांबड्या शिरांचे जाळे दिसते. न दिसले तर ते अंडे वांझ. हे पाहायला शेजारच्या दोघी-तिघी जमल्याच पाहिजेत! वाडीत कोणाचे भांडण असले तरी त्या दिव्याभोवती ते विसरले गेलेले मी पाहिले आहे. आमच्या घरी अंड्यांच्या टोपलीत लोखंडाचा एखादा खिळाही ठेवीत. गडगडाटाने अंडी बिघडू नयेत, अशी त्यामागची जुनी समजूत. शास्त्राने ती खरी ठरविलेली नाही. पण तो खिळा मी कधी काढून टाकला नाही.

पुढे गिरिराज आणि वनराज या सुधारित जाती आल्या. पहिली बंगलोरच्या कृषी विद्यापीठाची, दुसरी हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची. गावठी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, तर या जातींची कोंबडी सव्वाशेपर्यंत आणि क्वचित त्याहूनही अधिक देते. परंतु ती सहसा खुडूक बसत नाही. पिल्ले काढायची तर गावठी आईच लागते. म्हणजे नव्या जातीनेसुद्धा शेजारणीचा उंबरठा सुटला नाही.

ज्ञातीचे संमेलन आहे, म्हणून कोंबडीच्या कुळाविषयीही दोन शब्द सांगतो. पाळीव कोंबडीचा मूळ वंश तांबड्या रानकोंबड्याचा. परंतु पुष्कळ कोंबड्यांच्या पायांचा जो पिवळा रंग आपण पाहतो, तो आपल्या सह्याद्रीच्या रानात आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तेव्हा आपल्या अंगणातल्या कोंबडीने ही दुसऱ्या कुळातील सोयरीक पूर्वीच जुळविली आहे आणि ती पायांवर उघड मिरवीतही आहे!

असो. आता मूळ गोष्टीकडे वळतो.

१९९८ सालच्या वैशाखात मी आठवडा बाजारातून दोन तलंगा विकत आणल्या. म्हणजे अंड्यावर यायच्या बेतात असलेल्या तरुण कोंबड्या. स्वस्त मिळाल्या म्हणून मला आनंद झाला होता. तिसऱ्या दिवशी त्यांतली एक पंख पाडून, चोच उघडी टाकून उभी राहिली. हिरवट-पांढरी हागवण सुरू झाली होती. माझी पत्नी म्हणाली, "शेजारी सांगून या. ज्याने त्याने आपली कोंडून घालू दे."

मी म्हणालो, "उन्हाचा त्रास असेल. दोन दिवस पाहू."

बंधुभगिनींनो, तो उन्हाचा त्रास नाही, हे मला मनातून कळले होते. तरी मी गप्प राहिलो. कारण वाडीला स्वच्छतेचे आणि आरोग्याचे पाठ देणारा मास्तर मीच होतो, आणि 'मास्तरांनी रोग आणला' हे शब्द मला ऐकायचे नव्हते. आजारी तलंगा मी डालग्याखाली झाकून ठेवल्या. रात्री एक मेली. ती मी गोठ्यामागे गुपचूप पुरली. आमच्या बाकीच्या कोंबड्या मात्र रोजच्याप्रमाणे काकींच्या उकिरड्यावर चरत राहिल्या. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण मी किती वर्षे वर्गात अर्थासह लिहून दिली असेल! त्या चार दिवसांत मी अक्षरशः कोंबडे झाकून बसलो होतो.

पाचव्या दिवशी सकाळी गडग्यापाशी एक कोंबडी मान पिळवटून पडलेली दिसली. तिच्या पायाला हिरवी चिंधी होती.

पंधरा दिवसांत काकींच्या एकोणीस कोंबड्यांपैकी दोन उरल्या. वाडीत ज्यांची ज्यांची मोकळी चरत होती, त्या सर्वांचीच कमीअधिक हानी झाली. काकी विधवा. अंड्यांचा आणि कोंबड्यांचा पैसा हा आमच्याकडे घरच्या बाईचा हक्काचा पैसा. त्याचा हिशेब पुरुष विचारीत नाहीत. काकींना तर तो एवढाच पैसा होता. त्यांचा मुलगा त्याच वर्षी माझ्या वर्गातून सातवी उत्तीर्ण झाला होता आणि जूनमध्ये त्याला हायस्कुलात घालायचे होते. त्याच्या गणवेशाचे कापड आणि वह्या-पुस्तके त्या एकोणीस कोंबड्यांत होती.

माझ्याने राहवले नाही. मी काकींच्या पडवीत जाऊन सारे सांगितले. त्या संतापतील, चार घरी बोलतील, अशी माझ्या मनाची तयारी होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, मेली त्याचं काही नाही. रोग काय कोणी मुद्दाम आणीत नाही. पण चार दिवस आधी सांगितलं असतंत, तर मी माझी कोंडून घातली असती."

एवढेच. नंतर महिनाभर त्यांनी आमच्या अंगणात पाऊल टाकले नाही. मुलाच्या वह्या-पुस्तकांचे पैसे मी देऊ केले. ते त्यांनी उसने म्हणूनच घेतले आणि दिवाळीत पै न् पै परत केले. त्यांचा हिशेब फिटला; माझा अजून फिटलेला नाही.

हा रोग कोणता, हे मी पुढे समजून घेतले. त्याला राणीखेत म्हणतात. आपल्या खेड्यांत मानमोडी. कुमाऊँच्या डोंगरातल्या राणीखेत गावी १९२८ च्या सुमारास तो आढळला, म्हणून आपल्या देशात त्याला हे नाव पडले. इंग्लंडात त्याआधी एक-दोन वर्षे न्यूकॅसल येथे तो दिसून आला होता. म्हणून इतरत्र त्याला त्या गावाचे नाव आहे. विष्ठेतून, श्वासातून, बाजारच्या डालग्यांतून, आपल्या पायांच्या धुळीतूनसुद्धा तो पसरतो. अंगात शिरल्यावर बहुधा पाच-सहा दिवस तो दिसत नाही. एकदा जडला की औषध नाही. लस न टोचलेल्या कळपातील बहुतेक कोंबड्या तो नेतो. पण लस आहे. पिल्लू आठवड्याचे झाले की लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, आणि दोन महिन्यांच्या सुमारास टोचायची दुसरी लस. ही टोचायची लस मुक्तेश्वरच्या नावाने ओळखली जाते आणि ते मुक्तेश्वरही कुमाऊँच्या डोंगरातच आहे. ज्या मुलखाचे नाव रोगाला मिळाले, त्याच मुलखाचे नाव उपायालाही मिळाले.

आता ज्या गोष्टीसाठी मी उभा आहे ती सांगतो. पुढच्या थंडीत मी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लस आणावयास गेलो. हाती आली ती कुपी शंभर मात्रांची. माझ्या घरी कोंबड्या आठ! कुपी बर्फात ठेवून न्यावी लागते आणि एकदा द्रावणात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणजे एकट्याच्या आठ कोंबड्या वाचवायच्या तर ब्याण्णव मात्रा ओतून देणे, नाही तर शेजाऱ्यांची दारे वाजविणे. त्या कुपीने मला शेजारधर्म शिकविला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती नव्हे.

मी जुन्या वहीत घरवार यादी केली. अकरा घरे, त्र्याण्णव कोंबड्या. सायंकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्यावर मुलांनी एकेक धरून आणायची आणि बायांनी थेंब घालायचा. सर्वांत हलका हात काकींचा, म्हणून अर्ध्याअधिक वाडीचे थेंब त्यांनीच घातले. माझ्या घरच्या आठही कोंबड्यांचे.

त्या दिवशी पडवीत बसून तीन नियम ठरले. बाजारची कोंबडी आणली तर दोन आठवडे वेगळी कोंडायची. मेलेली उघड्यावर न टाकता खोल खड्ड्यात चुना घालून पुरायची. आणि ज्याची कोंबडी सुस्तावेल त्याने त्याच सायंकाळी वाडीत सांगायचे. परंतु सांगणाऱ्याला कोणी दोष द्यायचा नाही. या तिसऱ्या नियमाचा उत्तरार्ध काकींनी घातला. मी फक्त 'सांगावे' एवढेच लिहिले होते. माणूस दडवतो तो दुष्टपणाने नव्हे, बोलणी खावी लागतील या भयाने दडवतो, हे त्या न शिकलेल्या बाईला माझ्याआधी समजले होते.

यानंतर रोग आलाच नाही, असे मी म्हणणार नाही. २०११ साली वाडीच्या टोकाच्या घरी तो पुन्हा दिसला. त्या घरच्या सुनेने दिवेलागणीलाच सर्वांना कळविले. रात्रीतून सगळ्यांनी आपापली कोंडली. त्या खेपेस साऱ्या वाडीत मिळून पाच कोंबड्या गेल्या. दुसऱ्या महिन्यात तिच्या खुडूक कोंबडीखाली चार घरांनी आपली अंडी आणून ठेवली.

कोणी म्हणेल, आठ-दहा कोंबड्यांचा एवढा विचार कशाला? २०१९ च्या पशुगणनेत देशातील सुमारे पंच्याऐंशी कोटी कोंबड्या-बदकांपैकी जवळजवळ बत्तीस कोटी परसातील निघाली. ही सारी तुमच्या-आमच्यासारख्यांच्या घरची. शिवाय दडविण्याचे परिणाम नेहमीच कोंबडीपुरते राहत नाहीत. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशात प्रथमच बर्ड फ्लू आढळला, तेव्हा त्या परिसरातील लक्षावधी कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्यात परसातल्याही होत्या. तो रोग माणसालाही होऊ शकतो. म्हणून एकाएकी अनेक कोंबड्या मेल्या तर शेजाऱ्यांबरोबर पशुवैद्यकीय दवाखान्यालाही ताबडतोब कळविले पाहिजे. मेलेल्या कोंबडीला उघड्या हातांनी शिवू नये आणि आजारी कोंबडी स्वस्तात बाजारात तर मुळीच नेऊ नये. माझ्या त्या दोन तलंगा अशाच कोणीतरी नेल्या असाव्यात.

शेवटी संस्थेस एकच नम्र सूचना करतो. गावोगावच्या आपल्या वाड्यांना देणगी म्हणून बर्फ राहील असा एकेक थर्मास आणि यादीसाठी एकेक वही द्यावी. खर्च फार नाही. वर्षातून ठरावीक दिवशी लस आणण्याचे काम वाडीतल्या तरुणांनी आळीपाळीने करावे. परज्ञातीची घरे शेजारी असतील तर त्यांनाही यादीत घ्यावे. आजार गडगा पाहून थांबत नाही. मग यादी तेथे का थांबावी?

काकी आज हयात नाहीत. त्यांच्या अंगणात अजूनही हिरव्या चिंधीच्या कोंबड्या चरतात, सून सांभाळते. गेल्या महिन्यात तीच गडग्यापाशी येऊन मला म्हणाली, "गुरुजी, आमची एक कालपासून खात नाही. सांगून ठेवते." कोंबडीला काही झालेले नव्हते, दोन दिवसांनी ती खुडूक बसली. पण त्या मुलीने सांगितले, याचा मला जो आनंद झाला तो आपल्यापाशी व्यक्त केल्यावाचून राहवत नाही.