थांबविणारे हात

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात गुंद येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने मागच्या बाकावर बसून ऐकावे, अशी आपली रीत आहे. माझा जन्म या पंचक्रोशीतला आणि उमेदीची सारी वर्षे एका रज्जुमार्गावर, म्हणजे ज्याला आता लहान मूलही रोपवे म्हणते त्यावर, तेल-वंगणात गेलेली. विश्वस्तांनी जेव्हा आग्रह केला, की ‘तुमच्या कामाविषयीच बोला’, तेव्हा मला संकोच वाटला. कारण आमचे काम असे, की ते नीट झाले तर सांगण्यासारखे काहीच उरत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी उळवीचा रथ पाहिला आहे. हजारो हात दोर ओढतात, जयघोष होतो, सर्वांचे डोळे कळसाकडे असतात. पण रथाच्या चाकापाशी, धुळीत वाकून, हातात लाकडी ठोकळा घेतलेली माणसे चालत असतात. रथ वाकडा जाऊ लागला, उतारावर वेग घेऊ लागला, की ती चाकाखाली ठोकळा घालतात. त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. आज मी या ठोकळा घालणाऱ्यांविषयीच बोलणार आहे.

प्रथम दोराची ओळख करून देतो. आपल्याकडे ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ असे म्हणतात, ते दुराग्रही माणसाला उद्देशून. पण लोखंडी दोराचे सारे सामर्थ्य त्या पिळातच असते. १८३४ साली जर्मनीतील हार्झ डोंगराच्या खाणींत विल्हेल्म आल्बर्ट या अधिकाऱ्याने लोखंडी तारा वळून दोर केला. त्यापूर्वी खाणीत साखळ्या वापरीत. साखळीची एक कडी तुटली की सर्व संपले. दोराचे तसे नाही. त्यातील एक तार तुटली, तर शेजारच्या तारा तिचा भार घेतात. म्हणजे दोर एकदम दगा देत नाही. तो आधी सूचना देतो. मात्र ती सूचना ऐकणारा कोणीतरी जवळ असावा लागतो. आमच्या धंद्याचे मूळ या एका वाक्यात आहे.

बर्फावर घसरण्याचा खेळ खेळणाऱ्यांना डोंगरमाथ्यावर नेणारी खुर्च्यांची माळ अमेरिकेत सन व्हॅली येथे १९३६ साली सुरू झाली. ती योजणारा जेम्स करन हा रेल्वे कंपनीचा इंजिनियर. त्याने पूर्वी जहाजात केळ्यांचे घड चढविणारी यंत्रे पाहिली होती. फिरत्या दोराला आकडे आणि आकड्यांना घड. त्याने आकड्यांच्या जागी खुर्च्या लावल्या, एवढेच! आपल्या बागाईतदारांनी हे अवश्य ध्यानात ठेवावे. केळीच्या घडाने जगाला असे काही शिकविले आहे.

आपल्या महाराष्ट्रात रायगडाचा रोपवे १९९६ साली सुरू झाला. त्याचे खालचे ठाणे हिरकणीवाडीत आहे. जी कडा उतरून हिरकणी आपल्या तान्ह्यासाठी घरी गेली अशी कथा आपण लहानपणी ऐकली, त्याच परिसरात आज म्हातारी माणसे चार-पाच मिनिटांत गडावर पोहोचतात आणि महाराजांच्या समाधीपुढे हात जोडतात. काश्मिरात गुलमर्गचा पहिला टप्पा १९९८ साली आणि अफरवतच्या उंच उतारापर्यंत नेणारा दुसरा २००५ साली सुरू झाला. प्रवाशाला डबा आठवतो, दरी आठवते, फोटो आठवतात. डब्याचे दार लावणारा हात कोणाच्याच ध्यानात राहत नाही.

त्या हाताचा दिवस कसा जातो ते सांगतो. तिकिटाची खिडकी उघडण्याच्या किती तरी आधी मेकॅनिक यंत्रघरात येतो. ब्रेक दोन तऱ्हेचे असतात, रोजचा आणि संकटाचा. दोन्ही लावून पाहायचे. वीज गेल्यास चालणारे डिझेल इंजिन सुरू करून पाहायचे. वरच्या ठाण्याशी टेलिफोन लागतो की नाही, वारा मोजणारे यंत्र फिरते की नाही, हे पाहायचे. मग रिकामा डबा वर-खाली न्यायचा. पहिली फेरी माणसांची नव्हे, ही या धंद्यातली शिस्त आहे. त्यानंतर नोंदवहीत सही. ठरलेल्या दिवशी कमरेला पट्टा बांधून मनोऱ्यावर चढायचे, दोराखालची चाके एकेक हाताने फिरवून पाहायची, वंगण द्यायचे. दोर अगदी सावकाश फिरवून त्यावर नजर ठेवायची. आतली तुटकी तार डोळ्यांना दिसत नाही. तिच्यासाठी चुंबकाने परीक्षा करणारे यंत्र आणावे लागते.

दोर वापराने लांबतो. तेव्हा तो कापून पुन्हा सांधावा लागतो. हे सांधणे म्हणजे गाठ मारणे नव्हे. दोन्ही टोकांचे पेड उलगडून, एकमेकांत गुंतवून, त्यांची शेवटे दोराच्या पोटात अशी दडवायची की हात फिरविला तरी जोड कळू नये. या जोडाची लांबी दोराच्या जाडीच्या सुमारे १२०० पट धरतात. म्हणजे ४० मिलिमीटर जाडीच्या दोराला ४८ मीटर! हे काम मी प्रथम पाहिले तेव्हा मला बैलाचे दावे वळणाऱ्या आमच्या आजोबांची बोटे आठवली.

बर्फाच्या प्रदेशातले काम आणखी कठीण. एक हिवाळा मला हिमाचलात पाठविले होते. पहाटे फावडे घेऊन खुर्चीखालचा बर्फ उपसायचा, नाही तर बसणाऱ्याचे गुडघे खुर्चीला लागतात. मनोऱ्यावरच्या चाकांवर धरलेला बर्फ ठोकून पाडायचा. हातमोजा काढला तर लोखंडाला बोट चिकटते, न काढला तर नटबोल्ट हाती लागत नाही. खाली उभा असलेला ऑपरेटर दिवसभरात शेकडो वेळा एकच गोष्ट करतो. येणारी खुर्ची हाताने सावरतो, माणसाला बसवितो आणि पुढच्याकडे वळतो. लहान मूल आले की वेग कमी करतो. हे कंटाळवाणे आहे. आणि कंटाळा हाच या कामातला मोठा शत्रू आहे. कारण ज्या एका वेळी कोणाची ओढणी अडकते, ती वेळही दिसायला आधीच्या शेकडो वेळांसारखीच असते.

आता एक अनुभव सांगतो. स्थळाचे व माणसांचे नाव सांगत नाही. मी नवखा मदतनीस होतो. सुटीचा दिवस, खाली मोठी रांग. आमच्या मुख्य मिस्त्रींना एका मनोऱ्यापाशी ‘टक्’ असा आवाज ऐकू आला. मला तो आलाच नव्हता. त्यांनी डब्यांतली माणसे सावकाश उतरवून घेतली आणि मार्ग बंद केला. तीन तास आम्ही चाके तपासली. काही सापडले नाही. लोकांनी पैसे परत मागितले, आरडाओरडा केला. आणि दुसऱ्या दिवशी मिस्त्रींच्या हाती मेमो पडला, की विनाकारण सेवा बंद ठेवली. त्यांनी वाद घातला नाही. नोंदवहीत लिहिले होते, ‘आवाज आला. तपासले. दोष आढळला नाही. चालू केले.’

पुढच्या महिन्यात तोच आवाज पुन्हा आला आणि त्यांनी पुन्हा मार्ग थांबविला. मी भीत भीत म्हणालो, “मिस्त्री, मागचा मेमो अजून ताजा आहे.” ते म्हणाले, “मेमो कागदाचा असतो रे. डबा माणसांचा असतो.” त्या खेपेस एका चाकाच्या रबराला भेग आढळली. तासाभरात ते बदलले. मोठा अपघात टळला असे मी म्हणणार नाही. टळला की नाही, हे कोणालाच कळत नसते. झालेल्या अपघाताची चौकशी होते. न झालेल्या अपघाताचा पुरावा कोण देणार? म्हणून थांबविणाऱ्याला मेमो मिळतो आणि चालू ठेवणाऱ्याला शाबासकी.

याचा शेवट काय होतो, ते इटलीत दिसले. २३ मे २०२१ रोजी स्ट्रेसा गावाजवळ मोत्तारोने डोंगरावरच्या रोपवेचा ओढणारा दोर वरच्या ठाण्याजवळ तुटला. अशा वेळी डबा धरून ठेवण्यासाठी संकटाचा ब्रेक असतो. पण तो ब्रेक त्याआधी वारंवार आपोआप लागत होता, सेवा खोळंबत होती. म्हणून तो लागूच नये यासाठी त्यात लोखंडी चिमटे अडकवून ठेवले होते, असे चौकशीत उघड झाले. डबा उलट धावला आणि कोसळला. १४ माणसे गेली. एक लहान मुलगा तेवढा वाचला. बंधूंनो, ब्रेक वारंवार लागत होता, याचा अर्थ यंत्र काहीतरी सांगत होते. त्याचे ऐकण्याऐवजी त्याचे तोंड बांधले गेले.

आपल्या देशातही १९९२ च्या ऑक्टोबरात परवाणू येथे दोर तुटून एक डबा दरीवर लोंबकळला. मेजर इव्हान जोसेफ क्रास्टो हेलिकॉप्टरमधून त्या डब्यावर उतरले, रात्रभर प्रवाशांसोबत राहिले आणि त्यांना सोडविले. त्यांचा गौरव झाला, तो सर्वथा योग्यच. पण त्या डब्यात एक सेवकही होता. त्याने उडी घेतली आणि तो प्राणास मुकला. त्याची आठवण किती जणांना आहे?

आपण म्हणाल, गुंदला बर्फ नाही आणि रोपवेही नाही. मग हे आम्हाला कशाला? तर सांगतो. सुप्याच्या धरणावर दारांपाशी आणि नागझरीच्या वीजगृहात रात्रपाळी करणारे आपलेच शेजारी आहेत. भर पावसात रानातून तारांची वाट चालणारा लाइनमन आपलाच आहे. आणि आता दांडेली-गणेशगुडीच्या बाजूला पर्यटक येतात, दोरावरून झिप-लाइनने सुटतात, नदीच्या पाण्यात तराफ्यावर बसतात. त्यांच्या कमरेचा पट्टा आवळणारी, आकडा अडकविणारी मुले कोणाची? या भागातली, आपल्या घरांतली. रांग वाढली आणि मालक घाई करू लागला, तर ‘हा पट्टा झिजला आहे, मी सोडणार नाही’ असे म्हणण्याचे बळ त्या मुलाच्या अंगी कोठून येणार? नोकरी जाईल या भीतीपुढे ते एकट्याने टिकत नाही. त्यामागे शिक्षण हवे, घर हवे आणि गाव हवा.

म्हणून विश्वस्त मंडळींस माझी नम्र विनंती आहे. शाळा-कॉलेजातल्या हुशार मुलांना आपण मदत करावी हे उत्तमच. त्याबरोबर फिटर, वायरमन, मेकॅनिक होऊ पाहणाऱ्या मुलामुलींचाही विचार व्हावा. आणि गुणगौरवाच्या दिवशी कधी तरी अशाही माणसाला नारळ-शाल द्यावी, ज्याने वर्षभर यंत्र सांभाळले आणि ज्याच्या हातून काहीही घडले नाही.

मातांना एक सांगणे आहे. मुलगा घरी येऊन म्हणाला, “आज मी काम थांबविले म्हणून साहेब रागावले,” तर त्याला बोलू नका. आधी जेवायला वाढा, मग काय झाले ते विचारा.

आणि आपण कधी रायगडी गेलात, वारा सुटला म्हणून डबे थांबले आणि तासभर रांगेत उभे राहावे लागले, तर त्या गणवेशातल्या मुलावर ओरडू नका. रथाच्या चाकाखाली त्याने ठोकळा घातला आहे, इतके समजा.