दिल्लीचा फोड, पुण्याची लस



पूर्वी परदेशी प्रवासी आणि पलटणींचे डॉक्टर ज्या गावात कातडीवरचा एक चिवट फोड पाहत, त्या गावाचं नाव त्याला चिकटवून मोकळे होत. त्यामुळे जुन्या वैद्यकीय पुस्तकांत बगदादचा फोड भेटतो, अलेप्पोचा भेटतो, आणि दिल्लीचाही. गालावर, नाकावर, मनगटावर, म्हणजे जिथे कपडा नाही अशा जागी एक पुटकुळी उठते. ती वाढते, मधोमध फुटते, उंच कडांची जखम होते. सहसा फार दुखत नाही, पण महिनोन् महिने भरतही नाही. शेवटी भरते ती जन्माचा वण ठेवून. हा त्वचेचा लेशमॅनियासिस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी ६ ते १० लाख लोकांना तो नव्याने होतो. अफगाणिस्तान, सीरिया, इराण, अल्जीरिया, ब्राझील हे त्याचे मोठे मुलूख. यात जीव जात नाही, आणि बहुधा म्हणूनच त्याच्यावर औषध शोधायची कुणाला घाई नसते.

या फोडाचं कारण असलेला एकपेशीय परजीवी पहिल्यांदा दिसला तो भारतातच. १८८५ साली कलकत्त्यात डेव्हिड कनिंगहॅम यांनी दिल्लीच्या फोडाच्या ऊतीत काही चमत्कारिक गोल पिंड पाहून नोंदवले. ते काय आहेत हे मात्र त्यांना उमगलं नाही. ते उमगलं ताश्कंदमधल्या पीटर बोरोव्स्की या रशियन लष्करी शल्यचिकित्सकाला, १८९८ मध्ये. त्यांनी निबंध लिहिला रशियन भाषेत आणि तोही लष्करी वैद्यकीय मासिकात. बाहेर कुणाला पत्ताच लागला नाही. १९०३ मध्ये बोस्टनच्या जेम्स राइट यांनी एका आर्मेनियन मुलाच्या फोडात तोच जीव पाहिला आणि बराच काळ श्रेय त्यांच्याच नावावर राहिलं. याच जीवाचा भाऊबंद काला आजार घडवतो. त्याच्यावर काम करणाऱ्या विल्यम लीशमन यांच्या नावावरून या साऱ्या कुळाला लेशमॅनिया म्हणतात.

मग तो माणसात येतो कसा? संशय होता वाळूमाशीवर. ही माशी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, डासाच्या साध्या जाळीतूनही आत शिरणारी आणि आवाज न करणारी. आपल्याकडे ती अनोळखी नाही. १९६५ साली नागपूर जिल्ह्यात सापडलेला चांदीपुरा विषाणू पसरवण्याचा ठपकाही वाळूमाश्यांवरच आहे. १९२१ मध्ये अल्जीरियात सर्जां बंधू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिस्क्रा गावच्या वाळूमाश्या चिरडून स्वयंसेवकांच्या ओरखडलेल्या कातडीवर लावल्या आणि फोड आला. पण चिरडलेली माशी म्हणजे चावलेली माशी नव्हे! चाव्यातून रोग होतो हे सिद्ध व्हायला आणखी वीस वर्षं गेली. १९४१ मध्ये जेरुसलेममध्ये सॉल अ‍ॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्याने माश्यांच्या कृत्रिम खाद्यात मिठाचं प्रमाण वाढवलं, तेव्हा कुठे त्या माश्यांच्या चाव्यातून स्वयंसेवकांना रोग झाला.

हा चावा किती कावेबाज असतो, ते अलीकडे कळलं. माशीच्या पोटात वाढणारे परजीवी एक चिकट पदार्थ सोडतात. तो तिच्या घशाशी बुचासारखा बसतो. रक्त ओढायचं तर तिला आधी तो ओकावा लागतो, आणि त्याबरोबर परजीवी कातडीत उतरतात. माशीची लाळही त्यांच्याच मदतीला. जखम झाली की आपल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २००८ साली उंदरांच्या जिवंत कातडीत हे प्रत्यक्ष पाहिलं गेलं: धावून आलेल्या पेशींनी परजीवींना गिळलं, पण परजीवी मेले नाहीत. उलट याच पेशी हटवल्या, तेव्हा संसर्गाची पकड ढिली झाली.

एवढा बिलंदर जीव, तरी त्याची एक गोष्ट मध्यपूर्वेतल्या गावांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती: फोड येऊन बरा झाला की सहसा पुन्हा येत नाही. म्हणून तिथले लोक, मुलीचा चेहरा विद्रूप होऊ नये या काळजीने, कुणाच्या तरी फोडातला स्राव तिच्या अंगावर झाकल्या जागी मुद्दाम टोचत. पुढे सोव्हिएत संघ, इस्रायल आणि इराण यांनी हीच पद्धत प्रयोगशाळेत वाढवलेले जिवंत परजीवी वापरून चालवली. इराकबरोबरच्या युद्धात इराणने लाखो लोकांना असं टोचलं. संरक्षण मिळालं, पण काहींचे टोचलेले फोडच चिघळत राहिले आणि पद्धत मागे पडली.

आता शास्त्रज्ञ पुन्हा त्याच वाटेला आले आहेत. हा परजीवी आपल्या पेशीत शिरल्यावर तिथे दुप्पट-चौपट होतो, त्यासाठी त्याला सेंट्रिन नावाचं प्रथिन लागतं. क्रिस्पर तंत्राने सेंट्रिनचं जनुक कापून टाकलेला परजीवी कातडीत काही काळ जगतो, शरीराला शत्रूची ओळख करून देतो, पण वाढू शकत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या टोचणीने उंदरांना फोड आला नाही, आणि पुढे रोगट माश्या चावल्या तरी त्यांचं रक्षण झालं. या चमूत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातले हिरा नखासी आणि ओहायो स्टेट विद्यापीठातले अभय सातोसकर होते. पुढच्या टप्प्यात ही लस ठरलेल्या दर्जाने बनवण्याचं काम पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने केलं. या लशीने हॅमस्टरांचं काला आजारापासूनही रक्षण केलं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कारण काला आजार जीव घेतो.

भारतात त्वचेचा हा रोग मुख्यतः बिकानेरच्या बाजूला, पश्चिम राजस्थानात आढळतो. हिमाचलात आणि केरळातही त्याचे रुग्ण सापडले आहेत. अँटिमनीची इंजेक्शनं फोडातच देणं हा जुना उपचार. बिकानेरच्या डॉक्टरांनी रेडिओलहरींची उष्णताही वापरून पाहिली. सुमारे ५० अंश सेल्सियस, एकेका ठिकाणी ३० सेकंद, एवढीच. कारण कातडीतल्या या परजीवींना उष्णता सोसत नाही. इंजेक्शनांइतकाच गुण आला.

माणसांसाठी मंजूर झालेली लस अजून नाही. तेव्हा हा रोग असलेल्या भागात राहून आल्यावर उघड्या अंगावरचा फोड आठवडेच्या आठवडे भरत नसेल, तर नुसती मलमं बदलत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि आपण कुठे जाऊन आलो ते आवर्जून सांगा. जखमेच्या कडेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासून निदान होऊ शकतं.