राखणदार मालक झाला तर?
(ग्रामसभा प्रतिनिधींच्या शिबिरात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'सरकारचं आर्थिक धोरण आणि आपण'. मी बारावीपर्यंत शिकलेला. धोरण हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं ते दिल्लीत, मुंबईत असतं. पण धोरण आपल्या घरामागच्या बांबूच्या रांजीत आहे. आईने खुडलेल्या तेंदूच्या पुड्यात आहे. वस्तू कोणाची, भाव कोणी ठरवायचा आणि पैसा कोणाच्या हातात जायचा, या तीन गोष्टी ठरवणं म्हणजे धोरण. बाकीचे मोठे शब्द आहेत.

आधी बांबूचं सांगतो. बांबू हे गवत आहे. शाळेच्या पुस्तकात तसंच आहे, आणि आपल्याला ते पुस्तकाआधी माहीत होतं. पण इंग्रजांनी 1927 साली वन कायदा केला, त्यात 'झाड' या शब्दाच्या अर्थात बांबू घालून टाकला. एवढ्याने काय होतं असं वाटेल. पण झाड म्हटलं की तोडायचा, विकायचा आणि नेऊ द्यायचा अधिकार सरकारकडे गेला. इंग्रज गेले, ती ओळ राहिली.

मग स्वतंत्र देशात काय झालं? शेजारच्या कर्नाटकात 1958 च्या सुमाराला कागद गिरणीला बांबू टनाला दीड रुपया या दराने दिला. टनाला! टोपल्या-सुपं करणाऱ्या माणसाला त्या भावात एक गाडीभरसुद्धा मिळाला नाही. आपल्या भागातूनही वर्षानुवर्षं बांबू ट्रक भरभरून कागदासाठी गेला. आणि आपण? निस्तार हक्क कागदावर होता, पण घराच्या आढ्याला चार बांबू आणले तर खाकी कपड्यातला माणूस वाटेत उभा. मी लहान असताना माझ्या आजोबांनी चार बांबूंपायी एक कोंबडी दिलेली मला आठवते. कोंबडीची पावती मिळत नाही.

तेंदूचंही तसंच. 1969 च्या कायद्याने महाराष्ट्रात तेंदूचा व्यापार सरकारने आपल्या हाती घेतला. पानं आपल्या जंगलातली, पहाटे उठून तोडणारे आपण, उन्हात वाळवणारे आपण. लिलाव मात्र दूर कुठेतरी. आपल्याला नाव काय तर मजूर. मालक म्हणून आपलं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

मग 2006 साली वनहक्क कायदा झाला. तो कोणी फुकट दिला नाही, देशभर लोक रस्त्यावर आले तेव्हा झाला. त्यात स्पष्ट लिहिलं की बांबू, तेंदू, मध, लाख, औषधी वनस्पती हे सगळं गौण वनोपज आहे आणि त्याची मालकी पिढ्यान्‌पिढ्या गोळा करणाऱ्या लोकांची. म्हणजे बांबू पुन्हा आपल्याकडे आला. पण कायद्याच्या पुस्तकातून आपल्या दारापर्यंत यायला त्याला किती वेळ लागला बघा. आपल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाला 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायचा म्हटलं तर वाहतूक परवाना कोण देणार, यावर गाडी अडली. हक्क गावाचा, पण परवान्याचं पुस्तक सरकारचं. शेवटी 27 एप्रिल 2011 ला केंद्राचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. कायदा लागू होऊन तीन वर्षं उलटून गेली होती. 2012 च्या नियमात मग लिहिलं गेलं की हा परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देईल.

मी विचारतो, एका गावाला आपल्याच मालाचं पुस्तक मिळावं म्हणून दिल्लीहून मंत्री यावा लागतो, तर बाकीच्या गावांनी काय करायचं? कायदा करून कपाटात ठेवणं ही पण चोरीच आहे. फक्त ती रात्री होत नाही, ऑफिसच्या वेळात होते.

आता विश्वासाची गोष्ट. आपल्यातले कितीतरी जण मिरची तोडायला तेलंगणात जातात. जाताना घराची किल्ली आणि दोन शेळ्या शेजाऱ्याकडे ठेवून जातो. परत आल्यावर शेजारी म्हणाला, 'शेळ्या मी विकल्या, पैसे माझे, कारण राखण मी केली', तर आपण काय म्हणू? आणि वर तो म्हणाला, 'माझ्या अंगणात पाय ठेवलास म्हणून दंड भर', तर? जंगलाच्या बाबतीत आपल्याशी हेच झालं.

हे मी एकटा म्हणत नाही. डिसेंबर 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात हेच सांगितलं. हिमाचलमध्ये बियास नदीच्या काठची वनजमीन एका हॉटेलाला दिली होती, त्या कंपनीशी एका केंद्रीय मंत्र्याच्या कुटुंबाचा संबंध होता. कोर्टाने तो पट्टा रद्द केला आणि म्हटलं की नदी, जंगल, हवा यांचं सरकार मालक नाही, लोकांच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्त म्हणजे राखणदार. त्याच डिसेंबरात पेसा कायदाही झाला. म्हणजे 1996 पासून सरकारला माहीत आहे की ते राखणदार आहे. पण राखणदाराला किल्ली परत द्यायला जिवावर येतं.

इथपर्यंत तुम्ही माना हलवल्या. आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं, पण आमच्या गावाने सांग म्हणून पाठवलं आहे.

मागच्या हंगामात आमच्या ग्रामसभेने तेंदू स्वतः विकला. मला लिहिता-वाचता येतं म्हणून समितीचा सचिव मी. एका संध्याकाळी ठेकेदाराचा मुनशी करारनामा घेऊन आला. म्हणाला, उद्या दुसऱ्या गावाशी बोलणार आहोत, आजच सही पाहिजे. अॅडव्हान्स पुढे ठेवला. आम्ही तिघं होतो. मी कागद नीट वाचला नाही, ग्रामसभेत तर वाचलाच नाही, आणि सही केली. गावाला तोंडी भाव सांगितला. कागदात मात्र लिहिलं होतं की पानं भिजली, काळी पडली तर नुकसान गावाचं. फळीवर पानं वाळत असतानाच पाऊस आला. ठेकेदाराने पैसे कापले.

बायांनी हिशोब विचारला. मी म्हणालो, 'ते कागदाचं काम आहे, तुम्हाला समजणार नाही.' माझी आई त्या बायांमध्येच बसली होती. ती गोंडीत म्हणाली, 'आधी साहेब म्हणायचा तुला समजणार नाही. आता तू म्हणतोस. मग साहेबाला घालवून काय मिळवलं?'

मला उत्तर नव्हतं. अजून नाही.

मग तीन रात्री गोटुलमध्ये बसून तो कागद ओळ-ओळ गोंडीत वाचला. कापलेले सगळे पैसे काही परत आले नाहीत. गावाने मला सचिवपदावरून काढलं. बरं केलं. मी पैसे खाल्ले नव्हते, पण किल्ली माझ्याकडे ठेवली होती आणि मी घर उघडं टाकलं. राखणदार वाईट माणूस असावाच लागतो असं नाही. त्याला कोणी विचारत नाही, इथून बिघाड सुरू होतो.

आता पुन्हा हंगाम जवळ आला आहे. जीपगाड्या फिरू लागल्या आहेत. म्हणून आमच्या गावाने जे ठरवलं ते सांगतो, पटलं तर घ्या.

एक, रात्री सही नाही आणि ग्रामसभेबाहेर सही नाही. करार भरसभेत आपल्या भाषेत वाचायचा, बाया हजर असल्याशिवाय वाचायचा नाही.

दोन, एकाच ठेकेदाराशी बोलायचं नाही. जाहिरात देऊन दोन-चार जणांचे भाव लेखी मागवायचे.

तीन, पाऊस, आग, खराब पानं यांचं नुकसान कोणाचं आणि पैसे कोणत्या तारखेला, हे भावाच्या शेजारीच लिहून घ्यायचं.

चार, पैसा ग्रामसभेच्या बँक खात्यात. सही तिघांची, त्यात एक बाई. अॅडव्हान्स कोणाच्या हातात नाही.

पाच, परवान्याच्या पुस्तकाची पानं दर ग्रामसभेत मोजायची. किती फाडली, किती उरली. कोऱ्या पानावर सही म्हणजे जंगलच कोरं करून देणं.

सहा, हिशोब गोटुलच्या भिंतीवर लिहायचा. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायचा.

सात, या वर्षाचा कोवळा बांबू तोडायचा नाही. वास्ते निघतात त्या रांजीला जगू द्यायचं. पुढच्या पिढीचेही आपण राखणदारच आहोत.

हे सगळं केलं की सरकारला जाब विचारायला आपलं तोंड मोकळं होतं. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. आमच्या जंगलातून किती माल गेला, काय भावाने गेला, पैसा कुठे गेला, हे लेखी विचारा. ते म्हणतील, तुमचा हिशोब दाखवा. तेव्हा आपण भिंतीकडे बोट दाखवू शकलो पाहिजे.

येत्या ग्रामसभेत आपल्या सचिवाला पहिला प्रश्न तुम्ही विचारा. तो रागावला तर माझी गोष्ट सांगा.

जय सेवा.