अबोल माणसाने पुन्हा शिकू नये काय?



आपल्यापैकी कित्येकांच्या मनात एक इच्छा दडलेली असते. हाती नोकरी आहे, पदरी मुले आहेत. तरीही पुन्हा शिकावे आणि दुसरा व्यवसाय धरावा, असे वाटते. परंतु वय झाले आणि चार माणसांत तोंड उघडत नाही, या दोन सबबींपुढे ती इच्छा हार खाते. या सबबी मी चांगल्या ओळखतो. त्या माझ्याच होत्या.

अकरा वर्षे कारकुनी केल्यावर पस्तिसाव्या वर्षी मी कायद्याच्या वर्गात पाऊल ठेवले. पहिल्या दिवशी मुले मला प्राध्यापक समजून उठून उभी राहिली. मी मान खाली घालून शेवटच्या बाकावर बसलो आणि महिनाभर कोणाशी बोललो नाही. पुढे अभिरूप न्यायालयात युक्तिवादाची पाळी आली, तेव्हा दोन वाक्ये बोलून खाली बसलो. घर पत्नीच्या पगारावर चालले होते. त्या रात्री नोकरी सोडल्याचा मला पश्चात्ताप झाला.

माझी आई निरक्षर. दुसऱ्या दिवसापासून मी तिला रोज एक खटला समजावून सांगू लागलो. ती मध्येच विचारी, "मग त्या बाईला पोटगी मिळाली की नाही?" उत्तर देता आले नाही, की खटला मलाच कळलेला नाही, हे ध्यानात येई. वर्षभराने मी उभा राहून पूर्ण युक्तिवाद केला. माझा स्वभाव बदलला नव्हता. तयारी वाढली होती. आजही मी मितभाषीच आहे. पक्षकाराचे शेवटपर्यंत ऐकून घेणे हा काही वकिलाचा दोष नव्हे.

बाबासाहेब १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. १९२० साली ती नोकरी सोडून, अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी ते लंडनला गेले. प्राध्यापक पुन्हा विद्यार्थी झाला. मग आपण का लाजावे?

कोणत्याही शाखेच्या पदवीधरास तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. धम्मदीक्षेने सवलती बुडतील, ही भीती बाळगू नका. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतील बौद्धांनाही त्या लागू आहेत; मात्र जातीचे प्रमाणपत्र वेळेवर काढून ठेवा. वकिलीच्या नोंदणीचे शुल्क कायद्याने ठरविल्यापेक्षा अधिक घेता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी दिला. ते अनुसूचित जाती-जमातींस १२५ रुपये व इतरांस ७५० रुपये आहे.

आणि घरच्या मंडळींनो, तुमच्या घरात असा कोणी अबोल माणूस पुन्हा पुस्तक उघडील, तर त्याला हसू नका. रोज तासभर त्याचे ऐका आणि त्याला प्रश्न विचारा.