वाळवी दिसते भिंतीवर, राहते जमिनीत

आम्ही संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीच्या बचत गटाच्या बाया. गटात बाराजणी आहोत. आज वाळवीबद्दल बोलणार आहोत. कोकणात राहून वाळवी माहीत नाही अशी कोण असेल? आम्हालाही माहीत होती, आणि माहीत आहे असं वाटलं म्हणूनच फसलो.

आमच्या गटाचं दप्तर काकींच्या माजघरात असायचं, भिंतीतल्या फडताळात. फडताळ जुनं, आंब्याच्या फळ्यांचं. लावणीच्या दिवसांत दोन बैठका झाल्या नाहीत. हप्ते घरोघरी जाऊन गोळा केले, चिठ्ठ्यांवर लिहिले आणि चिठ्ठ्या वहीच्या पुठ्ठ्याखाली सरकवल्या. गणपती झाल्यावर वही उघडायला घेतली तर वरचा पुठ्ठा शाबूत आणि आत माती. पानांच्या कडा तेवढ्या उरल्या होत्या. चिठ्ठ्यांचा पत्ताच नाही.

शेवटच्या घरातल्या वहिनींनी शेळ्यांसाठी कर्ज घेतलं होतं. त्या म्हणाल्या, मी सहाशेचे दोन हप्ते दिलेत. त्यांच्या पासबुकात नोंद नव्हती, कारण बैठकच नव्हती. पैसे कोणी घेतले ते दोघींना नीट आठवेना. बाकीच्यांची पासबुकं आणि बँकेचं खातं जुळवून आम्ही तीन दिवसांत बाकी हिशेब उभा केला, पण हे बाराशे रुपये राहिले. दहाजणींनी वहिनींचा शब्द मानला. एकीने मानला नाही, आणि ती पुढच्या महिन्यापासून बैठकीला आली नाही. तिची जागा अजून कोणाला दिलेली नाही.

मग आम्ही फडताळाच्या मागे लागलो. खरं तर मातीची रेघ भिंतीवर मे महिन्यापासून दिसत होती. बोटाएवढी जाड, जमिनीपासून फडताळापर्यंत. काकींनी ती खरवडून वरून शेणाने सारवलं होतं. आम्ही सगळ्याच असं करतो. पण वाळवी लाकूड खाते तसं शेणही खाते, वाळलेला पालापाचोळा, कागद, सुती कापड, सगळंच खाते. म्हणजे आम्ही तिच्या वाटेवर जेवण वाढत होतो, आणि वर दिसायची ती रेघही झाकून टाकत होतो.

फडताळात दिसली म्हणून ती फडताळात राहते असं नाही. तिचं घर जमिनीत, राणीही तिथेच. तिला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती मातीची नळी बांधून तिच्या आतून येते-जाते. आमच्या जांभ्याच्या भिंती मातीत बांधलेल्या, सांधे पोकळ, त्यामुळे ती भिंतीच्या पोटातूनही चढते. आम्ही फडताळावर रॉकेल ओतलं. समोरची मेली, आठवड्याने दुसरी आली. चुलीच्या घरात रॉकेल ओतणं धोक्याचं, ते वेगळंच. बाजारातून एकाने दिलेली बिननावाची पांढरी पावडरही टाकली. पैसे गेले.

आधी किडा ओळखा. माती दिसली तर वाळवी. लाकडाला बारीक गोल भोकं आणि खाली पिठासारखा भुसा पडत असेल तर तो भुंगेरा. तो लाकडाच्या आतच वाढतो, जमिनीशी त्याचा संबंध नाही, त्याचा उपाय वेगळा. चौकटीवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा, बद्द पोकळ आवाज आला तर आतून खाल्लेलं आहे. नळी जिवंत आहे का हे बघायचं तर मधेच बोटभर फोडून ठेवा. दोन-चार दिवसांत बुजवली तर ती आत आहे. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे जमतात, सकाळी पंखांचा खच पडतो. ते घराच्या आतूनच निघाले असतील तर वारूळ तुमच्या भिंतीत किंवा जोत्याखाली आहे असं समजा.

आता औषधाचं. दुकानात २० टक्के क्लोरपायरिफॉस मिळतं. इमारतीतल्या वाळवीसाठी १ लिटर औषधात १९ लिटर पाणी असं प्रमाण धरतात. शेतातलं उरलेलं वापरू नका, बाटलीवर वाळवीचा उल्लेख वाचून घ्या. घराबाहेर भिंतीलगत चर खणून त्यात हे पाणी मुरवतात. आत जमीन आणि भिंत मिळते तिथे फूटफूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात आणि भोकं सिमेंटने बंद करतात. नुसती भिंत फवारून काही होत नाही, औषध मातीत गेलं पाहिजे.

पण हे विष आहे, बाटलीवरचा पिवळा त्रिकोण तेच सांगतो. आमचं स्पष्ट मत, हे काम परवाना असलेल्या माणसाकडून करून घ्या. औषधाचं नाव विचारा, सील तुमच्यासमोर फोडायला लावा, हमी कागदावर घ्या. त्या दिवशी लहान मुलं आणि गरोदर बाई घरात नको. धान्य, पाण्याची भांडी, कोंबड्या आधी बाहेर काढा. पाऊस येणार असेल तर काम पुढे ढकला. कोणाला मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधुक असं झालं तर बाटली सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. काकींच्या घराच्या उत्तरेला विहीर आहे, म्हणून त्या बाजूला औषध घातलंच नाही. तिकडे पागोळीचं पाणी भिंतीशी साचायचं, ते चर काढून लांब नेलं. न्हाणीचं फुटलेलं मोरीचं तोंड बुजवलं. ओल गेली की तिचं निम्मं बळ जातं.

पावसाआधी लाकूडफाटा आपण पडवीत भिंतीला टेकवून रचतो. ते बंद करा. खाली चार चिरे ठेवा आणि भिंतीपासून हातभर सोडून रचा, म्हणजे पाठीमागे वाकून बघता येतं. कपाटाचे, पलंगाचे पाय ओल्या जमिनीवर टेकू नका. लाकूड घेताना सागाच्या गाभ्याचं घ्या, सालीकडचं फिकट लाकूड सागाचं असलं तरी वाळवी खाते. फर्निचर आणलंत तर मागची आणि खालची बाजूही रंगवायला सांगा, सुतार तीच सोडतो. मुंबईकरांची बंद घरं तर वाळवीला आंदणच. चावी आपल्याकडे असेल तर महिन्यातून एकदा दारं-खिडक्या उघडून ऊन आत घ्या, आणि त्यांना आधीच सांगून ठेवा की गणपतीत आल्यावर चौकट पडली तर आमच्यावर राग नको.

आता आमचं दप्तर पत्र्याच्या पेटीत असतं, पेटी स्टुलावर, स्टूल भिंतीपासून लांब. हप्ता दिला की नोंद त्याच वेळी दोन ठिकाणी होते, वहीत आणि पासबुकात, लावणी असो की कापणी. बैठक ज्या घरी असते त्या घराच्या भिंती, चौकटी आणि माळा आम्ही बैठकीआधी फिरून बघतो. गेल्या महिन्यात काकींच्या न्हाणीमागे वीतभर नवी रेघ दिसली. फोडून ठेवली. चौथ्या दिवशी गेलो तेव्हा ती तशीच फुटलेली होती. या बैठकीला पुन्हा बघणार आहोत.